बर्फाचा दर

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव उठला
की पारकरांच्या कारखान्यात लादी फोडायचं मशीन सुरू होतं,
आणि त्या घरघरीत मी
दहा वर्षांपुढचे पैसे मोजत बसते.

साठ लाखांचा नवा कॉम्प्रेसर.
वर्षाला अकरा लाख सुटतील, असं इक्बालभाईंचं म्हणणं;
वीजबिल, मीठ, अमोनिया, चार माणसांचे पगार,
जून-जुलैची बंदी, सगळं जाऊन.
"अकरा दाहे एकशे दहा. साठ गेले, पन्नास उरले.
यात बँकेला न कळण्यासारखं काय आहे?"

मी म्हटलं, दहाव्या वर्षीचे अकरा
आजचे अकरा नव्हेत.
बारा टक्के धरले तर ते साडेतीन होतात.
अहो, पहिल्या वर्षीचेसुद्धा पुरते दहा भरत नाहीत.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
काट्याला बोट लावताना पकडलेल्या
मासळीवालीकडे पाहावं तसं.

शब्द शोधला, मिळेना.
सवलत म्हणावी तर ती दुकानातली,
वटाव म्हणावा तर तो हुंड्यांबरोबर गेला.
कसर म्हणाले, तर ते म्हणाले,
कसर तापात असते, बाई.

मग स्वतःच उठले.
थंड खोलीचं दार ओढलं, पांढरी वाफ पायांवर आली.
"ही लादी. आज पुरी.
उद्या हिराजी चोगल्याच्या खणात हिचा आठवा हिस्सा पाणी.
परवा, उरलेल्याचा आठवा.
उरलेल्याचा हं, सगळ्याचा नाही.
रात्री परतणारा तीन लाद्या नेतो.
आठ दिवसांनी येणाऱ्याला मी विचारतो,
शेवटच्या दिवशी किती हवाय?
तिथून मागे मागे येत मोजतो."

मागे मागे येत.
एवढंच तर शिकवायला
पुण्यात दोन वर्षं घेतली होती त्यांनी.

"आणि आठवा गेला," दार लावता लावता ते म्हणाले,
"तर भरून काढायला आठवा पुरत नाही.
सातवा लागतो."

मी तिथेच, मिठाच्या पोत्यावर टेकून, सातवा लावला.
सव्वाचौदा टक्के, वर थोडं.
दहा वर्षांचे मिळून आले
छप्पन्न लाख चौऱ्याहत्तर हजार.
साठाला सव्वातीन कमी.
बर्फाचा दर लावला
तर बर्फाचाच कारखाना बुडत होता.

सांगितलं. मला वाटलं, चिडतील.
ते हसले, आतल्या सोन्याच्या दातासकट.
"तो उघड्यावरचा हिशोब. भुसा कुठे घातलात?"
आणि हाक मारली, "झुलेखा!"
त्यांच्या मुलीने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला:
रत्नागिरीच्या दोन कोळंबीवाल्यांच्या सह्या,
पाच वर्षं, ठरलेल्या भावाने, ठरलेल्या लाद्या.
"हा भुसा," ती म्हणाली.
बापापेक्षा तिला जास्त कळलं होतं
मी दरात भीती किती घातलीय ते.

दर मी खाली आणला.
किती, ते इथे सांगत नाही;
आधी साहेबांना कारण लिहायचंय.
बाराला बासष्ट लाख पंधरा हजार येतात,
साडेबाराला साठाच्या वर जेमतेम नव्वद हजार.
म्हणजे एका माणसाच्या धास्तीवर
दुसऱ्याचं यंत्र उभं राहतं किंवा राहत नाही.

जुन्या यंत्राच्या गळक्या पाइपाशी
बाबल्या डोळे चोळत उभा होता. लाल, कायमचे.
गॅसची सवय झालीय, म्हणाला.
त्याच्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.
टिपेत लिहिलंय मी. टिपा कोण वाचतं.

दापोलीच्या रिक्षात बसल्यावर
मांडीला गार लागलं.
बोलण्याच्या नादात फाईल लादीवर ठेवली होती.
शाईने लिहिलेला तक्ता, खालून भिजलेला:
पहिली तीन-चार वर्षं कोरडी, ठणठणीत,
नववं निळसर,
दहाव्यात आकडा होता
एवढंच दिसतंय.